दोन खोल्या, अकरा माणसं

आमच्या मंडळाच्या फोल्डरमध्ये ‘निवास व्यवस्था’ नावाचा एक फॉर्म आहे. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावी एखादं मराठी संमेलन किंवा नाट्यस्पर्धा आली, की तो बाहेर काढायचा, तारखा बदलायच्या आणि सभासदांना पाठवायचा. पाहुण्यांना हॉटेलात उतरवायची पद्धत आमच्यात नाही. कुणी तसं सुचवलंच तर ‘काय म्हणतील लोक’ असा चेहरा सगळे करतात. फॉर्ममधले प्रश्न माझेच आहेत. तुमच्याकडे किती माणसं झोपू शकतील? जमिनीवर गादी चालेल का? घरात कुत्रा आहे का? पाहुणे शाकाहारीच हवेत का? विमानतळावर घ्यायला जाल का? या फॉर्मच्या कृपेने आमच्या घरी एकदा नऊ माणसं चार दिवस राहून गेली, त्यातली दोन तबल्यासकट.

याच फॉर्मने मी एका देशाचा अर्ज बुडवला. मुद्दाम नाही. पण बुडवला हे खरं.

तो देश काकांचा. काका म्हणजे आमच्या शनिवारच्या क्रिकेटचे अंपायर. ते मराठी नव्हते आणि भारतीयही नव्हते. कॅरिबियन समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावरून तरुणपणी मिशिगनला आले, गाड्यांच्या कारखान्यात रंगकामावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बेट लहान असलं तरी स्वतंत्र देश आहे. झेंडा आहे, पंतप्रधान आहेत. काका सांगायचे की आमच्याकडे पंतप्रधानांना खोकला झाला, तर पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बाया काढा उकळायला ठेवतात. पिकलेले केस बघून आमच्या पोरांनी त्यांना काका म्हणायला सुरुवात केली, मग मोठ्यांनीही. पहिले काही महिने त्यांची समजूत होती की मराठीत अंपायरला काका म्हणतात. ते बोलायचे इंग्रजीत, बेटाच्या गाण्यासारख्या चालीत. ती चाल मला लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत देते.

मी त्या मैदानावरची स्कोअरर. नागपूरला माझे वडील क्लबच्या सामन्यांचा स्कोअर लिहायचे. त्यांच्या शेजारी बसून मी शिकले, आणि शाळेतल्या बाईंपेक्षा त्यांचा मार जास्त खाल्ला. नवरा सलामीचा फलंदाज. पहिल्याच सामन्यात काकांनी त्याला शून्यावर पायचीत दिलं, आणि घरी येईपर्यंत तो चेंडू लेग स्टंपच्या किती बाहेर होता ते मी गाडीत ऐकलं. काका बरोबर होते. खुर्चीवरून मला स्पष्ट दिसलं होतं. पण संसार करायचा असतो.

आमचं मैदान म्हणजे गावच्या पार्कचा एक कोपरा. तिथे क्रिकेट खेळणाऱ्यांपेक्षा बदकांचा हक्क मोठा होता आणि त्यांनी तो जागोजागी नोंदवून ठेवलेला असायचा. मी थर्मासमध्ये चहा आणि मोठ्या डब्यात तर्री-पोहे नेत असे. पुण्याची मंडळी ‘हे पोहे नव्हेत’ म्हणत दोनदा वाढून घ्यायची. काका सगळ्यांच्या आधी हजर असायचे. पांढरा कोट, खिशात चेंडू मोजायला बेटावरचे सहा खडे. मॅटिंग अंथरायच्या आधी ते उकिडवे बसून मातीवर पालथा हात ठेवायचे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, बाबांची सवय.

त्यांचे वडील बेटावरच्या एकुलत्या एका मैदानाचे राखणदार होते. रोलर ओढायचा, पाणी घालायचं, शेळ्या हाकलायच्या, हे आयुष्यभराचं काम. त्या खेळपट्टीवर कधी परदेशी संघ खेळला नाही. परदेशी संघ जायचे ते शेजारच्या मोठ्या बेटांवर. काका अमेरिकेला निघाले तेव्हा धक्क्यावर वडिलांना म्हणाले होते, तुमच्या खेळपट्टीवर बाहेरच्या देशाचा संघ खेळेल, त्या दिवशी मी घरी येईन. तरुण माणूस बोटीवर चढताना बोलतो तसं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढे वडील गेले तेव्हा काकांच्या हातात कागदपत्रं नव्हती. त्यांना जाता आलं नाही. आणि कागदपत्रं आली तेव्हा जायला तोंड राहिलं नाही. मग त्यांनी ते जुनं वाक्यच धरून ठेवलं. कुणी विचारलं, की म्हणायचे, सामना झाला की जाणार.

मला हे चांगलंच कळायचं. आमच्या प्रत्येकाच्या घरी असं एकेक वाक्य असतं. ग्रीन कार्ड झालं की जाऊ. मुलगी कॉलेजला गेली की जाऊ. नागपूरला माझ्या वडिलांचा फ्लॅट बंद होता आणि किल्ली आमच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये, बॅटऱ्यांच्या शेजारी.

मग एका वसंतात काका मैदानावर आले ते हातात कागद नाचवत. क्रिकेटच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे सामने त्या भागात व्हायचे होते. त्यातले दोन-तीन प्राथमिक सामने लहान देशांनाही मिळतील, अर्ज करा, असं पत्र बेटाला आलं होतं. बेटाच्या क्रिकेट समितीत चार माणसं. सचिव म्हणजे काकांचा शाळेतला मित्र, आणि तो पोस्टात होता. चाळीस पानी अर्ज बघून त्याने हाय खाल्ली आणि परदेशातल्या बेटकरांना हाका मारल्या. काकांनी हाक मारली मला. म्हणाले, तुम्ही लोक दिवसभर हेच करता ना, फॉर्म भरता आणि फॉर्म तपासता?

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. मी ब्रेकची चाचणी घेणाऱ्या कंपनीत आहे. एका ब्रेकमागे सत्तर पानं भरते.

पुढचे पाच रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर तो देश पसरला होता. नवऱ्याने मैदानाचे नकाशे काढले. संघातल्या पुण्याच्या एका मुलाने स्लाइड्स केल्या. त्या इतक्या देखण्या झाल्या की काका स्वतःचंच बेट ओळखेनात. दवाखाना, पाणी, विमानतळ, एकेक रकाना भरत गेला. घोड्याने पेंड खाल्ली ती हॉटेलांपाशी. मैदानापासून अर्ध्या तासाच्या आत अमुक इतक्या खोल्या हव्यात, असा रकाना होता. बेटावर हॉटेलं तीन, त्यातलं एक छप्पर उडाल्यापासून बंद. काकांनी पेन खाली ठेवलं.

मी म्हणाले, त्यात काय, घरोघरी उतरवा की.

मी लॅपटॉप ओढला, ‘निवास व्यवस्था’ उघडला आणि अर्ध्या तासात इंग्रजी करून पोस्टातल्या सचिवांना पाठवला. गादीचा प्रश्न तसाच ठेवला. शाकाहाराचाही काढायचा राहून गेला.

पुढच्या आठवड्यात उत्तरांचा पाऊस पडला. पोस्टात रांग लावून लोकांनी फॉर्म भरले होते. काका आमच्या टेबलाशी बसून एकेक वाचायचे आणि घर ओळखायचे. ही शिंपीण. हा माझ्या वर्गात होता, याने माझी पाटी फोडली. कुणी लिहिलं होतं, एक पलंग खिडकीजवळ, मुलगा टोरांटोला असतो म्हणून रिकामा आहे. एका म्हातारीने लिहिलं, माझी खोली देते, मी बहिणीकडे झोपेन. चर्चच्या पाद्रींनी हॉलमधली वीस बाकं देऊ केली. शाकाहाराच्या प्रश्नापुढे जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, मासे चालतील ना? काका हसायचे आणि हसता हसता चष्मा पुसायचे. इतक्या वर्षांत त्यांनी या लोकांची नावं उच्चारली नव्हती. त्या पाच रविवारी मी त्यांना जेवढं आनंदी पाहिलं, तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी स्वतःचं घर लिहिलं. वडिलांचं घर, दोन खोल्या आणि ओटा, किल्ली शेजारणीकडे. किती माणसं झोपतील, मी विचारलं. दोन, ते म्हणाले. मी खोल्यांची लांबी-रुंदी विचारली, आणि संमेलनात जसा हिशोब करते तसा केला. भिंतीला लावून पाच, आडव्या तीन, दुसऱ्या खोलीत तीन. मी अकरा लिहिलं. ते काही बोलले नाहीत. मग सगळ्या घरांची बेरीज झाली, हवा होता त्यापेक्षा आकडा मोठा निघाला, आणि मी तो रकान्यात टाकला. नवऱ्याने टाळी दिली. अर्ज गेला.

त्यानंतरचा उन्हाळा अजून आठवतो. दर शनिवारी काका बेटाची बातमी आणायचे. शिंपिणीने घराला रंग काढला. रोलरला तेल घातलं. दुकानातल्या चादरी संपल्या, बोट येईपर्यंत मिळणार नाहीत. काकांनी स्वतःसाठी नवी हॅट घेतली, पण ती घालायचे नाहीत. ती बेटावरच्या सामन्यासाठी होती. आम्ही सगळे त्या देशाचे नागरिक झाल्यासारखे वागत होतो. माझा नवरा तर पंतप्रधानांवर टीकाही करायला लागला होता.

पानं गळायच्या सुमारास नकार आला. एकच परिच्छेद होता. निवासाबद्दल दिलेली माहिती पडताळणीत वस्तुस्थितीशी जुळली नाही, सबब अर्जाचा पुढे विचार होणार नाही. काकांनी तो कागद मैदानावर माझ्या हातात दिला, कोट चढवला आणि सामना पूर्ण केला. एकही निर्णय चुकला नाही. जाताना एवढंच म्हणाले की आता जायचा प्रश्नच मिटला.

घरी येऊन मी तणतणत होते. मोठ्या देशांना लहान देशांची किंमत नाही वगैरे. सोळा वर्षांची मुलगी टेबलापाशी बसून लॅपटॉपवर अर्जाची शीट वर-खाली करत होती. तिचा जन्म इथलाच. पाहुणे आले की तिची खोली जाते, हे तिने जन्मापासून सोसलेलं.

“आई,” ती म्हणाली, “दे आस्क्ड फॉर रूम्स. यू गेव्ह देम पीपल.”

मी चष्मा लावला. रकान्यात खोल्या किती असं विचारलं होतं. मी किती माणसं झोपतील ते लिहिलं होतं, जमिनीवरच्या गाद्या आणि चर्चची बाकं धरून. सत्तर पानं तपासून एका स्क्रूसाठी ब्रेक परत पाठवणारी मी. आमच्यात खोल्या कुणी मोजतच नाही, माणसं मोजतात, त्यामुळे मला ते खटकलंच नव्हतं. पडताळणी करणाऱ्याने त्या म्हातारीला फोन केला असेल, आणि तिने अभिमानाने सांगितलं असेल, हो, माझ्याकडे एक खोली आहे, मी बहिणीकडे जाते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मी पाय पाहून अंथरुणं मोजली होती.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. अर्जाचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त काकांचं. त्यांना घरी जायला एकच दार होतं आणि ते मी लावून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी शिऱ्याचा डबा घेऊन मी त्यांच्या अपार्टमेंटवर गेले. डबा हातातच ठेवून सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हणाले, तुम्हाला काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

काकांनी डबा घेतला, उघडून बघितला, झाकण लावलं.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

मला कळेना.

“तू माझ्या घरापुढे अकरा लिहिलंस तेव्हाच. खोल्या दोन, आणि तू अकरा लिहिलंस. चाळीस वर्षं मी रेषेपुढे बोटभर पाय गेला तरी नो-बॉलचा हात आडवा करतो. त्या दिवशी नाही केला.”

मी का म्हणून विचारलं नाही. ते आपणहूनच बोलले, थांबत थांबत. खरा आकडा लिहिला असता तर अर्ज माझ्या टेबलावरून उठलाच नसता. त्यांना वाटलं, एकदा तरी जाऊ दे. मोठ्या ऑफिसात कुणीतरी आपल्या देशाचं नाव मोठ्याने वाचू दे. त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं रोलर ओढला, आणि ते नाव कुणी वाचलं नव्हतं.

“वाईट अंपायरिंग झालं,” ते म्हणाले.

मी रडले. ते नाही रडले. त्यांनी चहा केला, त्यात माझ्यासारखं आलं घातलं आणि तो भयंकर झाला होता. मग त्यांनी टेबलावरचं एक पत्र माझ्याकडे सरकवलं. बेटावरच्या शेजारणीचं होतं. तिने किल्ली लावून घर उघडलं, धुतलं, खिडक्यांना रंग दिला, आणि फॉर्मात अकरा वाचून गावातून अकरा गाद्या जमवल्या. सामने होणार नाहीत हे कळलंय, तिने लिहिलं होतं. पण गाद्यांना ऊन दाखवून ठेवलंय. कुणी येणार आहे का, की परत करू?

काका त्या पत्राकडे बघत नव्हते. मला दिसत होतं की त्यांना जायचं आहे. पण बोललेला शब्द आडवा येत होता, आणि वडिलांना मूठमाती द्यायला गेलो नाही ही लाज त्या शब्दामागे लपली होती. त्यांना धीर देण्याइतकं शहाणपण माझ्याकडे नव्हतं. मला फक्त व्यवस्था करता येते.

शनिवारी पोहे वाटताना मी संघाला विचारलं की डिसेंबरात कोण कोण सुटी टाकू शकतं. मिशिगनचं मैदान तेव्हा बर्फाखालीच असतं. पुण्याच्या मुलाने व्हिसाची भीती घातली, दुसऱ्याने सासूचं ऑपरेशन काढलं, एकाने ऑलरेडी बुक केलेला डिस्नीचा प्लॅन कॅन्सल केला. खेळायला अकरा आणि घरची सहा अशी सतरा माणसं जमली. मग मी काकांकडे गेले.

“काका, नागपूर, पुणे, मुंबई आणि मिशिगनचा संघ आहे. सगळे पासपोर्ट घेऊन येणार. बाहेरच्या देशाचा संघ याहून वेगळा काय असतो?”

त्यांनी नियमपुस्तक चाळताना करायचे तसे ओठ दुमडले. मग ते उठून आतल्या खोलीत गेले आणि येताना ती नवी हॅट घालून आले.

विमानतळ इतका लहान होता की पासपोर्ट तपासणाऱ्या बाईनेच विचारलं, गाद्यावाले तुम्हीच का? सहा जणांना शिंपीण आणि तिच्या बहिणींनी बाहेरच्या बाहेर पळवलं. उरलेले अकरा आम्ही काकांच्या घरी. काका दारात थांबले. शेजारणीने किल्ली त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती परत तिला दिली, असं दोनदा झालं. शेवटी माझ्या मुलीने त्यांचा हात धरला आणि आत नेलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, रोलरच्या दांड्यावर हात ठेवलेला. काकांनी हॅट काढली आणि त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलले. आम्ही सगळे ओट्यावर बुटांच्या नाड्या सोडत बसलो, ज्यांच्या सुटल्या होत्या तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. सगळं बेट आलं होतं, शेळ्यांसकट. नाणेफेकीआधी काका उकिडवे बसले आणि खेळपट्टीवर पालथा हात ठेवला. उठायला त्यांना वेळ लागला, आणि कुणी मदतीला धावलं नाही हे बरं झालं. माझा नवरा सलामीला आला. तिसरा चेंडू पॅडवर लागला, अख्ख्या देशाने अपील केलं आणि काकांनी बोट वर केलं. तो परत येताना हसत होता. म्हणाला, प्लम्ब होतो यार, पाय सरळ स्टंपसमोर. आम्ही सपाटून हरलो. शेवटची ओळ लिहिताना मला वडिलांची फार आठवण आली. त्यांनी परदेशी मैदान पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्याही फ्लॅटच्या खिडक्या कुणीतरी उघडायला हव्या होत्या.

सकाळी जाग आली ती किटलीच्या आवाजाने. काका आमच्या अंगांवरून पाय टाकत, कुणाला न तुडवता चहा देत चालले होते. भिंतीला लावून पाच, आडवी तीन, आतल्या खोलीत तीन. शेवटच्या गादीपाशी, म्हणजे माझ्यापाशी, ते थांबले. ओव्हर संपल्यावर मोजायचे तसे त्यांनी वळून मोजले.

“अकरा,” ते म्हणाले. “हिशोब बरोबर आहे.”

परतीच्या विमानात आम्ही सतराच होतो. काकांनी अपार्टमेंटची किल्ली माझ्याकडे दिली आणि सामान वाटून टाकायला सांगितलं. आता आमच्याकडे ओहायोहून एक तरुण अंपायर येतो. चांगला आहे, बोटावर चेंडू मोजतो, पोह्यांना नको म्हणतो. नवऱ्याला त्याने एकदा नाबाद दिलं तेव्हा नवराच मला म्हणाला, काकांनी आउट दिलं असतं. परत आल्यावर दोन महिन्यांनी मी नागपूरला जाऊन आले. फ्लॅटच्या खिडक्या गंजल्या होत्या. उघडल्या.

या वर्षी नोव्हायला पुन्हा संमेलन आहे. मी फॉर्म काढला, तारखा बदलल्या आणि सगळ्या यादीला पाठवला. यादीत काकांचा पत्ता अजून तसाच होता, हे मला पहिलं उत्तर आलं तेव्हा कळलं. ते बेटावरून आलं होतं. किती माणसं: अकरा. जमिनीवर गादी: चालेल. शाकाहारी: मासे चालतील ना? विमानतळावर घ्यायला जाल का: हो, केव्हाही. मंडळाच्या अध्यक्षांनी फोन करून सांगितलं, की अगं, एकूण आकडा चुकतोय, अकरा जास्त येताहेत. मी बघते म्हणाले. मी ते वजा करणार नाही.